केव्हलार, डायनिमा आणि आपलं कुळागर: कुठल्या कामाला काय घ्यावं?

कुळागरी

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय आणि बागेतली कामं उरकायची घाई आहे. प्रियोळला आमचं कुळागर आहे: माड, पोफळी आणि बांधावर फणस-आंब्याची जुनी झाडं. फांद्या तोडायला चेनसॉ चालवणारा आमचा गडी लुंगी गुडघ्यावर दुमडून, पायात रबरी चप्पल घालून काम करतो. नारळ पाडायला येणारे पाडेली मामा आता थकले. त्यांचा मुलगा यंत्रावरून माडावर चढतो, पण कमरेला बांधतो तो पट्टा बघून खाली उभं राहवत नाही. माणसं आपल्याकडे कामाला येतात, त्यांच्या जिवाची जबाबदारी आपली. म्हणून यंदा सगळ्यांसाठी नीट संरक्षक सामान घ्यायचं ठरवलंय.

दुकानात गेलो तर हातात घ्यावं ते 'केव्हलार'. हातमोजे केव्हलार, पट्टा केव्हलार, दुचाकीची पँट केव्हलार. रंग पिवळा असला की झालं, एवढाच पुरावा. एका दुकानात तर हातमोज्याबद्दल 'गोळीसुद्धा आरपार जाणार नाही' इथवर मजल गेली.

विचारायचंय ते असं: हे मजबूत कृत्रिम धागे नेमके कशापासून वाचवतात आणि कशापासून वाचवत नाहीत? एकच भारीतला धागा सगळ्या कामांना चालतो का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी जरूर लिहा. देव बरें करूं.

डिचोलीकर

चांगला विषय. बाकी काहीही घ्या, पण त्या गड्याला आधी बूट घेऊन द्या.

तंतुमयी

कुळागरीबाब, मी वस्त्रशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

केव्हलार हे ड्यूपॉन्ट कंपनीचं व्यापारी नाव. धाग्याचा प्रकार पॅरा-अरॅमिड. तोच प्रकार ट्वॅरॉन या नावानेही मिळतो. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ मध्ये अमेरिकेत विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत तो शोधला. टायरमध्ये पोलादी तारेऐवजी घालता येईल असा हलका धागा कंपनीला हवा होता. अशा कामाचं द्रावण एरवी दाट आणि पारदर्शक असतं. यांचं निघालं पातळ आणि ताकासारखं गढूळ. धागा काढायच्या यंत्रावरच्या सहकाऱ्याने ते घ्यायला साफ नकार दिला, कारण गढूळ म्हणजे त्यात कण असणार आणि कणांनी यंत्राची बारीक छिद्रं बुजणार. बाईंनी ते गाळून घेतलं, पिच्छा सोडला नाही, आणि शेवटी धागा काढला गेला. गढूळपणा कणांमुळे आलेलाच नव्हता. ताठ, लांबट रेणू द्रावणातच एका दिशेने रांगेत लागले होते, आणि तीच रांग धाग्यात उतरली. वजनास वजन धरलं तर ताकद पोलादाच्या पाचपट. १९७१ मध्ये तो बाजारात आला. क्वोलेकबाईंना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, त्या शिक्षणासाठी पैसे साठावेत म्हणून १९४६ मध्ये त्यांनी ही नोकरी धरली होती. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

दुसरा धागा डायनिमा किंवा स्पेक्ट्रा. हातमोज्यांच्या पाकिटावर 'एचपीपीई' छापलेलं असतं ते हेच. रसायन म्हणाल तर पॉलिथिन, दुधाच्या पिशवीचं असतं तेच. फक्त यातले रेणू अतोनात लांब. ते विरघळवून त्यांचा गुंता सैल करतात आणि मग धागा इतका ओढतात की रेणू सरळ होऊन एका दिशेला लागतात. नेदरलँड्समध्ये डीएसएम कंपनीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली गेली. हा धागा पाण्यावर तरंगतो, पाणी पीत नाही, पण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. केव्हलार वितळत नाही, मात्र उन्हाने त्याची ताकद जाते. पिवळ्याचा तपकिरी व्हायला लागला की ओळखावं.

तिसरा नोमेक्स, तो आगीसाठी. त्याबद्दल इथले जाणकार लिहितीलच.

आता तुमचा प्रश्न. एकच धागा सगळीकडे चालत नाही. ओढ, काप, टोच, घसट, ज्वाळा, उंचावरून पडताना बसणारा हिसका, हे सगळे निरनिराळे धोके आहेत. एकात अव्वल असलेला धागा दुसऱ्यात नापास होतो. आधी धोका कुठला ते ठरवा, नाव मागाहून बघा.

पणजीचा_पक्या

दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारी आमची आई चिलखताचा कारखाना काढणार होती, हे आज कळलं!

तंतुमयी

पक्या, आईला माझा नमस्कार सांग. :)

रानमाणूस_सत्तरी

चेनसॉबद्दल मी लिहितो, कारण पावसात रस्त्यावर पडलेली झाडं कापायचं काम आमच्या गटाकडे असतं.

चेनसॉची पँट साखळीला अडवते ती 'न कापता' असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. पँटच्या पुढच्या बाजूला आत लांब, सैल तंतूंचे बरेच थर असतात. साखळी वरचं कापड क्षणात फाडते, आतले तंतू तिच्या दातांत अडकतात, ओढले जातात आणि साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकावर गुंडाळले जाऊन यंत्र जागीच गच्च होतं. त्या पँटचं सगळं शहाणपण तंतू मोकळे असण्यात आहे. कापड कुठलंही असो, केव्हलार, पॉलिएस्टर किंवा खास नायलॉन, तंतू सुटून बाहेर आले पाहिजेत.

एक वापरलेली पँट मी नव्या मुलांना दाखवायला ठेवली आहे. डाव्या मांडीवर वीतभर फाटलंय आणि त्यातून पांढरा पुंजका बाहेर लोंबतोय, केसांच्या जटेसारखा. सॉ उघडून चाकावरून तो पुंजका चिमट्याने काढावा लागला होता. ज्याच्या अंगावर ती पँट होती त्याच्या मांडीला साधा ओरखडा नव्हता.

घेताना 'क्लास' बघा. क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली, क्लास २ म्हणजे २४, क्लास ३ म्हणजे २८. तुमच्या सॉचा साखळीचा वेग त्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो जुळवा. पुढून संरक्षण असलेली पँट फांद्या तोडायला पुरते, पण सॉ धरण्याची सवय नसलेल्या माणसाला चारी बाजूंनी थर असलेली द्या. डिचोलीकरांशी सहमत, बूट हवेतच, आणि डोळ्यांवर जाळी, कानांना मफ.

डिचोलीकर

आमच्या शेजाऱ्याने आता बॅटरीवरचा सॉ घेतलाय. त्यालाही हीच पँट चालेल?

रानमाणूस_सत्तरी

घालावीच, पण भरवसा कमी. पेट्रोलचं इंजिन अडकलं की बंद पडतं. विजेची मोटर थांबत नाही, जोर लावत राहते आणि तंतू तोडून पुढे जाऊ शकते. पँटवर लिहिलेली चाचणी ही साखळीच्या वेगाची आहे, मोटरच्या जोराची नव्हे. शेजाऱ्याला सांगा, अंगापाशी सॉ आणायचाच नाही.

बेतुलची_बाय

हातमोज्यांबद्दल माझा अनुभव. आमच्या घरच्या बायका खडकावरची कालवां आणि शिनाणे काढतात. कालवाच्या शिंपल्याची धार म्हणजे काय ते ज्याच्या तळव्यावर वण आहेत त्यालाच माहीत. पूर्वी चिंध्या गुंडाळायच्या. आता एचपीपीईचे विणलेले आणि तळव्याला रबराचा लेप दिलेले मोजे वापरतो. खाऱ्या पाण्यात ते जड होत नाहीत, लवकर वाळतात. बोटं फाटायची थांबली हे नक्की.

पाकिटावर ईएन ३८८ हे युरोपीय मानक असतं, त्याखाली आकडे आणि शेवटी ए ते एफ असं अक्षर. ते अक्षर कापण्याचं. ए सगळ्यात कमी, एफ सगळ्यात जास्त. माशांच्या विळीला आम्हाला सी पुरतं. जास्त वरचं घेतलं तर आत काचेचे किंवा पोलादाचे बारीक तंतू असतात, मोजा ताठर होतो आणि सुरमईचा तुकडा हातातून निसटायला लागतो. हाताला मासा कळला नाही तर मोजा काढूनच ठेवला जातो.

पण शिंगाळ्याचा काटा? तो सरळ आत जातो. विणीच्या घरांमधून टोक घुसतं, धागा कापायची गरजच पडत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत.

पणजीचा_पक्या

सुरमईचा तुकडा निसटणं ही सुरक्षेपेक्षा गंभीर बाब आहे बाय, यावर स्वतंत्र चर्चा व्हावी.

कुळागरी

बाय, खूप उपयोगी. आमच्याकडे काजू भाजून फोडायचंही काम असतं. तिथे हेच मोजे चालतील ना?

बेतुलची_बाय

नको! काजूच्या टरफलाचं तेल विणलेल्या मोज्यात मुरतं आणि कातडीला लागून बसतं. उघड्या हाताला लागलं तर निदान धुता येतं. तिथे पूर्ण रबरी मोजे, नाहीतर आपली जुनी पद्धत, हाताला तेल आणि राख.

उसाचा_रस_म्हापसा

सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितोय. कापरोधक मोजे फिरत्या यंत्रापाशी कधीही घालू नका. उसाचा चरक, ड्रिल, लेथ, नारळ सोलायचं मोटरवरचं यंत्र, काहीही. साधा सुती मोजा रुळात अडकला तर कधी कधी फाटून तरी जातो. हा फाटत नाही. मोजा आत ओढला गेला की हात त्याच्यासोबत जातो. चरकावरच्या मुलाला मालकाने प्रेमाने 'भारीतले' मोजे आणून दिले होते, असं एक प्रकरण मी अगदी जवळून पाहिलंय. मनगटापर्यंत गेलं. यंत्राला जाळी बसवायची आणि बंद करायचं बटण हाताशी ठेवायचं, मोजे घालायचे नाहीत.

तंतुमयी

याहून महत्त्वाचा प्रतिसाद या चर्चेत येणार नाही. न तुटणं हाच तिथे धोका आहे. संपादकांनी हा प्रतिसाद वर चिकटवावा अशी विनंती.

सावईकर_भाऊ

मला एक कळत नाही. आमचे आजोबा, पणजोबा पायात काथ्याची दोरी आणि कमरेला कोयता, एवढ्यावर माड चढले. रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे, दिवसातून दोन-तीनदा चढायचे. कुणी केव्हलार विचारलं? भीती दाखवून विक्री करायचे हे धंदे आहेत. माणूस तरबेज असला की झालं. सामान अंगावर चढवलं की माणूस उलट निष्काळजी होतो.

पेडण्याची_पोर

भाऊ, चढले हे खरं. पडलेही. आमच्या वाड्यावरच दोन घरं अशी आहेत जिथला कर्ता माणूस माडावरून पडून खाटेला खिळला. पडलेल्यांच्या गोष्टी घराबाहेर जात नाहीत, म्हणून त्या नाहीत असं वाटतं. आणि आज तरबेज माणसं राहिली कुठे? नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळातून यंत्राने माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं ते याचसाठी की पिढीजात चढणारे कमी झाले. नवीन मुलं चढणार असतील तर त्यांना पट्टा हवा.

दोरावरचा_वास्को

मी जहाजांवर आणि उंच टाक्यांवर दोराने लटकून काम करतो. पट्ट्याचा मुद्दा जरा नीट मांडतो, कारण इथे 'सगळ्यात मजबूत' घेणारा माणूस फसतो.

उंचावरून पडताना माणसाला मारतो तो शेवटचा हिसका. दोर जितका ताठ तितका हिसका मोठा. नायलॉन तुटण्याआधी स्वतःच्या लांबीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ताणला जातो, म्हणजे पडणारं वजन हळूहळू अडवतो. केव्हलार आणि डायनिमा जेमतेम तीन-चार टक्के ताणले जातात. दोर तुटणार नाही, पण सगळा झटका कंबर, पाठ आणि दोर जिथे अडकवलाय त्या जागेवर येईल. गाडीचा सीटबेल्ट पॉलिएस्टरचा असतो तो याच हिशेबाने, थोडा ताणला जावा म्हणून.

म्हणून उंचावरच्या कामाला झटका शोषणारं पाकीट लागतं. पट्ट्याला लावलेलं ते छोटं शिवलेलं पुडकं. माणूस पडला की त्याची शिवण एकेक टाका उसवत जाते आणि त्यात झटका जिरतो. मानकाप्रमाणे माणसावर सहा किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर यायला नको, म्हणजे साधारण सहाशे किलो वजनाइतका. तोच सुद्धा फार आहे, पण त्याला माणूस तग धरतो.

कुळागरीबाब, तुमच्या पाडेलीसाठी: नुसता कमरपट्टा नको. नुसत्या कमरेवर पडलेल्या माणसाचा मणका आणि पोट दोन्ही जातं, किंवा तो उलटा होऊन पट्ट्यातून निसटतो. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस घ्या, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का बघून. माडाभोवती गुंडाळायचा दोर घेताना त्याच्या हातात कोयता असतो हे विसरू नका. झाडांवर धारदार हत्यार घेऊन काम करणारे लोक आत पोलादी तार असलेला दोर वापरतात, तो बरा. आणि एक शेवटचं. माणूस हार्नेसमध्ये लटकून राहिला तर पायातलं रक्त पायातच साचतं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. त्याला खाली कसं आणायचं हे चढायच्या आधी ठरलेलं हवं. खाली दुसरा माणूस आणि शिडी नसेल तर नारळ उद्या पाडा.

सावईकर_भाऊ

दोरावरचे, हे असं कुणी आधी सांगितलं नव्हतं. पट्टा म्हणजे शोभा हेच डोक्यात होतं. शिवण उसवायलाच शिवलेली असते हे ऐकून गंमत वाटली. तरी तरबेजपणाचा मुद्दा मी सोडत नाही. यंत्र आणि पट्टा देऊन कुणालाही माडावर चढवू नका.

दोरावरचा_वास्को

त्याबद्दल आपलं एकमत.

मालींचा_तांडेल

बोटीवरचं सांगतो. ट्रॉलरच्या विंचवर, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्रावर, पोलादी तार असते. खारं पाणी, गंज, मग तारेचे केस उभे राहतात आणि हातमोजा असो नसो, तळहातात घुसतात. ताणाखाली तुटली तर तिचं टोक जे येतं त्यापुढे कुणी उभं राहू नये. काही जण आता डायनिमाचा दोर वापरतात. तेवढ्याच ताकदीला वजन तारेच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकं, पाण्यावर तरंगतो, गंजत नाही, हाताळायला मऊ. तुटलाच तरी ताणलेला कमी असल्यामुळे उसळी कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही, रेषेत उभं राहायचं नाही ते नाहीच.

तोटेही आहेत. तळाच्या वाळूवर, खडकावर घासून जातो. विंचच्या ड्रमवर घसरला तर तापतो आणि तापला की ताकद जाते. गाठ मारता येत नाही. इतका बुळबुळीत की साधी गाठ सुटते, आणि घट्ट बसली तर त्या गाठीपाशी निम्मी ताकद गेलेली असते. दोर दोरात ओवून जोड द्यावा लागतो आणि ते येणारी माणसं जेटीवर मोजकी. किंमत तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोट जेटीला लागली की दोर पूर्ण काढून गोड्या पाण्याने धुऊन, हात फिरवून बघायचा. वरचे केस फुलणं चालतं, पण कुठे कडक, चकचकीत, वितळल्यासारखी जागा लागली की तो तुकडा बाद.

गालजीबागची_कासवं

तांडेलदादा, दोर बाद झाला की जातो कुठे? मी किनारा साफ करणाऱ्यांपैकी. जाळी, दोर, सगळं किनाऱ्यावर येतं आणि कुजत नाही. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्या पायांत हे अडकलेलं असतं. नायलॉन निदान हाताने कापता येतं. या नव्या दोराला आमची कात्री बोथट झाली. इतका न तुटणारा धागा समुद्रात नेताना परत आणायची शिस्तही हवी. चर्चा भरकटवायचा हेतू नाही, पण बोलल्याशिवाय राहवलं नाही.

मालींचा_तांडेल

बोललात ते बरं केलंत. आमच्या बोटीवर बाद तुकडे गोणीत भरून जेटीवर आणतो. सगळे आणत नाहीत, हे मान्य.

सुभेदार_काणकोण

गोळीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. सैन्यात होतो, आता शेती.

कापडी जाकीट पिस्तुलाची गोळी अडवतं. गोळी थरांवर आदळली की धागे तो धक्का झपाट्याने बाजूला पसरवतात, गोळी चपटी होते आणि थांबते. तरी आतल्या माणसाला दणका बसतोच. बरगडी मोडू शकते. रायफलची गोळी वेगळी, तिचा वेग जवळपास दुप्पट आणि टोक अणकुचीदार. तिला पुढे सिरॅमिकची कडक पाटी लागते. पाटी गोळीचं टोक फोडते आणि मागचे पॉलिथिनचे थर तुकडे झेलतात. वजन वाढतं ते इथे. कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत हेच वजन उतरवायचं काम चालतं. २०१८ पासून अशा जाकिटांना आयएस १७०५१ हे आपलं स्वतःचं मानक आहे. आणि गोळी अडवणारं कापड सुरीचं टोक अडवेलच असं नाही. बेतुलच्या बायनी शिंगाळ्याच्या काट्याचं सांगितलं, तेच.

गोव्यातल्या माणसाने एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. झायलॉन नावाचा जपानी धागा आला होता, केव्हलारपेक्षाही मजबूत. अमेरिकेतल्या पोलिसांना त्याची जाकिटं दिली. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या जाकिटातून गोळी आरपार गेली. जाकीट जुनंही नव्हतं. तपासात निघालं की उष्णता आणि दमट हवेने धागा आतून खलास होत होता, बाहेरून काही दिसत नव्हतं. ऑगस्ट २००५ मध्ये तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली. पुढे २००८ च्या मानकात जाकीट आधी गरम, दमट हवेत घुसळून मग त्यावर गोळी झाडायची चाचणी आली. आपल्याकडे तर वर्षातले चार महिने कपाटातल्या चामड्यालाही बुरशी येते. सामान नवीन असताना किती मजबूत होतं याला अर्थ नाही, तुमच्या हवेत ते कसं टिकतं ते बघा.

पिवळा_काळा_पायलट

पणजी-म्हापसा पट्ट्यात दुचाकी पायलट आहे. गिऱ्हाईक मागे घेऊन दिवसभर रस्त्यावर. केव्हलारची रायडिंग पँट मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतो. साधी जीन्स डांबरावर घसरली की एखाद्या सेकंदात भोक पडतं, ही थोडा वेळ टिकते. पण विकत घेताना आतून उलटी करून बघा. कित्येक पँटींत पिवळं कापड फक्त गुडघ्यावर आणि मागे चिकटवलेलं असतं, घसरताना आधी मांडीची बाजू लागते तिथे काही नाही. शिवण साध्या दोऱ्याची असेल तर कापड टिकतं आणि शिवण उसवते. ईएन १७०९२ चं लेबल बघा, एएए सगळ्यात चांगलं, मग एए, मग ए. आणि धागा घसटीपासून वाचवतो, दणक्यापासून नाही. त्याला गुडघ्याला पॅड वेगळे.

मे महिन्यात घालवत नाही हे खरं. मी दुपारी सावलीत थांबतो, पण पँट काढत नाही.

डिचोलीकर

आणि हेल्मेट? केव्हलार कवचाचं म्हणून तिप्पट किंमत सांगतात.

तंतुमयी

हेल्मेटमध्ये डोकं वाचवतो तो आतला थर्मोकोल. तो चेपतो आणि धक्का स्वतः खातो. कवचाने फक्त फुटून आरपार काही येऊ द्यायचं नाही आणि दणका पसरवायचा. केव्हलारमुळे कवच हलकं होतं, एवढाच फायदा. आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का, डोक्याला घट्ट बसणारं माप आणि लावलेला पट्टा, या तिन्हींना पैसे द्या. एकदा आपटलेलं हेल्मेट आतून चेपलेलं असतं, बाहेरून ठणठणीत दिसलं तरी बदला.

बंबवाला

निवृत्त अग्निशमन कर्मचारी. नोमेक्सबद्दल.

आगीत नोमेक्स वितळत नाही, ठिबकत नाही. त्याचा कोळसा होऊन कापड जाड होतं आणि आत उष्णता पोचायला उशीर लागतो. त्या उशिरातच आम्ही बाहेर पडायचं असतं. बंबवाल्याच्या बाहेरच्या थराचं नेहमीचं मिश्रण म्हणजे ९३ टक्के नोमेक्स, ५ टक्के केव्हलार आणि २ टक्के स्थिर वीज घालवणारा धागा. त्याखाली पाणी अडवणारा थर, त्याखाली उष्णता अडवणारा थर. हे सगळं अंगावर असताना गोव्याच्या उकाड्यात माणूस आगीआधी घामाने बेजार होतो. घामाने भिजलेल्या आतल्या कपड्यांची वाफ होऊन भाजतं, हे लोकांना माहीतच नसतं. २०२३ च्या जानेवारीत पिळर्णला रंगाच्या कारखान्याला लागलेली आग किंवा त्याच मार्चमध्ये म्हादई अभयारण्यातले वणवे आठवा. तासन् तास चालणाऱ्या आगीत पाळ्या लावून माणसं बदलावी लागतात, कपडे कितीही चांगले असले तरी.

ज्यांच्याकडे काजूची भट्टी आहे त्यांना कळकळीने सांगतो. फेणी गाळताना पॉलिएस्टरचा शर्ट आणि नायलॉनची ट्रॅक पँट घालून बसू नका. पेटली तर वितळून कातडीला चिकटते, आणि ती सोलून काढताना मी माणसं ओरडताना ऐकली आहेत. नोमेक्स परवडायची गरज नाही. जाड सुती कपडे घाला, एवढं पुरे. डायनिमाचे कापरोधक मोजे घालून भट्टीचं झाकणही उचलू नका, तेही वितळतात.

कुळागरी

मंडळी, दोन दिवस सगळं वाचून काढलं. गड्यासाठी क्लास १ ची पँट (आमच्या सॉचा वेग पुस्तिकेत बघितला, बसतोय), बूट आणि जाळीची टोपी सांगितली आहे. पाडेलीच्या मुलाला पूर्ण हार्नेस, झटका शोषणाऱ्या पाकिटासकट, आणि तारेचा दोर. त्याला दुकानात सोबत घेऊन गेलो होतो. त्याने हार्नेस घालून बसून बघितलं, मांडीचा पट्टा काचतो म्हणून दुसऱ्या मापाचा घेतला. काजूला रबरी मोजे. नारळ सोलायच्या यंत्रापाशी मोजे बंद, तिथे पाटी लावली.

पँटबद्दल एक राहिलं. गड्याची उंची कमी आहे, पँट पायाशी लोळते. फोंड्यातल्या शिंप्याकडून आखूड करून घेऊ का? खिसाही हवाय म्हणतो.

रानमाणूस_सत्तरी

अजिबात नको! सुई आतल्या थरातून गेली की तंतू त्या टाक्यात अडकले. मग साखळी ओढायला गेली तरी ते सुटून येणार नाहीत आणि पँट जाड कापडाची पँट उरेल. खिसा नको, रफू नको, इस्त्री नको. दुकानातून आखूड मापाची बदलून घ्या, मिळते. फाटली तर दुरुस्ती नाही, बाद.

धुताना थंड पाणी, साधा साबण. तेल आणि झाडाचा डिंक बसला की तंतू एकमेकांना चिकटतात, म्हणून धुवायची मात्र नियमित.

तंतुमयी

ब्लीच कुठल्याच सामानाला नको, केव्हलारला तर नकोच. वाळवायचं सावलीत, पावसाळ्यात पंख्याखाली. हार्नेसवर घेतल्याची तारीख लिहा, पण पट्ट्याच्या कापडावर मार्करने नको, शाईचा धाग्यावर परिणाम होऊ शकतो. लेबलवर लिहा.

कुळागरी

लेबलवर लिहितो. पँट उद्या बदलून आणतो.